उपद्रव ग्राहकाला, दंड सरकारजमा!

गुलबर्ग्याच्या आडत बाजारात तुरीचा सौदा ऐन रंगात आला असताना आडत्याच्या खिशातला फोन वाजतो आणि पलीकडून एक मंजुळ वाणी, त्याने कधीही न मागितलेले कर्ज त्याला मंजूर झाल्याची शुभवार्ता कळविते. असा प्रसंग आमच्या वाचकांपैकी कोणावर गुदरला नसेल? या उपद्रवाची थट्टा करून तो सोडून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आमच्या मते हा थट्टेचा विषय नव्हे. फोनचे पैसे ग्राहक भरतो, वेळ त्याचा खर्ची पडतो, आणि त्याच्याच पैशाने चालणाऱ्या यंत्रावरून भलताच कोणी आपला माल त्याच्या गळ्यात बांधू पाहतो. हे परक्याच्या घरात घुसणेच झाले; आणि घुसखोराविरुद्ध घरधन्याला न्यायासनापुढे दाद मागता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००५ साली हे गाऱ्हाणे जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ज्यांना असे फोन नकोत त्यांची नोंदवही काढली. २०१० व २०१८ साली नियम बदलले. १९०९ या क्रमांकावर तक्रार घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली, आणि उपद्रवाची गणती चुकीची दाखविणाऱ्या दूरसंचार कंपनीस पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख व त्यानंतर प्रत्येक वेळी १० लाख रुपये दंड ठेवला. आकडे भारदस्त आहेत. परंतु त्यातला एक छदामही ज्याला त्रास झाला त्याच्या पदरी पडत नाही! त्याने तक्रार करावी, क्रमांक बंद झाल्याचा संदेश वाचावा, आणि दुसऱ्या क्रमांकावरून येणाऱ्या त्याच वाणीची वाट पाहावी.

तक्रार करण्याचा अधिकार आणि दावा लावण्याचा अधिकार या दोन भिन्न वस्तू आहेत. अमेरिकेने हा भेद १९९१ सालीच ओळखला. त्या वर्षीच्या टेलिफोन ग्राहक संरक्षण कायद्याने ध्वनिमुद्रित जाहिरातींचे फोन आणि न मागता धाडलेले जाहिरातीचे फॅक्स यांना आळा घातला. फॅक्समध्ये तर जाहिरात दुसऱ्याची आणि कागद व शाई घेणाऱ्याची, असा उफराटा व्यवहार होता. पण त्या कायद्याची खरी धार निराळीच आहे. प्रत्येक उल्लंघनामागे प्रत्यक्ष नुकसान किंवा ५०० डॉलर, यांपैकी जी रक्कम अधिक ती मागण्याचा हक्क त्याने खुद्द ग्राहकाला दिला. आणि उल्लंघन जाणूनबुजून केले असेल तर ती तिपटीपर्यंत वाढविण्याची मुभा न्यायालयास ठेवली. किती रुपयांची झोप मोडली, हे सिद्ध करीत बसण्याची पाळी तेथे ग्राहकावर येत नाही. या हक्काचा व्यवसाय करणारे वकील तेथे निपजले, अशी ओरड कंपन्या करतात. करोत बापड्या! सरकारी निरीक्षक जेथे पोहोचत नाही तेथे हा वकील पोहोचतो, हे त्या ओरडीतूनच सिद्ध होते.

आपल्याकडे हा मार्ग कोणी चोखाळलाच नाही काय? चोखाळला. २००६ साली दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने एका महिला ग्राहकाच्या तक्रारीवरून मोबाइल कंपनी, कंपन्यांची संघटना आणि दोन बँका यांच्यावर मिळून ७५ लाख रुपयांचा बोजा टाकला. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला; डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूस सारून, अपील करावयाचे तर राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे जा, असे कंपन्यांना बजावले. एका नागरिकाच्या फोनची कहाणी पाच वर्षे दिल्लीतच फिरत राहिली. मग भालकीच्या किंवा औरादच्या माणसाने काय करावे?

त्यात भर म्हणून २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच १८८५ च्या तार अधिनियमातील लवादाच्या कलमावर बोट ठेवून टेलिफोनचे तंटे ग्राहक न्यायालयाबाहेर काढले होते. दूरसंचाराच्या खास न्यायाधिकरणाकडे जावे, तर एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार कायद्यानेच त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी फोडली आणि दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असा निर्णय दिला.

ही वाट आज मोकळी आहे, आणि ती आपल्या गावातूनच जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनीची कचेरी मुंबईस असो वा गुरुग्रामास. पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती बेकायदा दुसऱ्याच्या हाती देणे ही तर या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच ठरविली आहे. परंतु एक मेख आहे. ज्या अनोळखी कंपनीने फोन केला तिचा आपण ग्राहकच नसतो! तेव्हा रोख धरावा लागतो तो पैसे घेऊन आपल्याला सेवा विकणाऱ्या मोबाइल कंपनीवर, किंवा आपला क्रमांक इतरांस पुरविणाऱ्या बँकेवर. आणि किती नुकसान झाले हेही आपणच पटवून द्यावयाचे.

ही मेख संसदेने काढावयास हवी होती. उलट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो जमा व्हावयाचा भारताच्या संचित निधीत. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे ४३-अ हे कलम वगळण्याची तरतूदही त्याच कायद्यात! त्याच वर्षीच्या दूरसंचार अधिनियमाने पूर्वसंमतीचे तत्त्व मान्य केले आणि ग्राहक कायद्याखालील हक्क शाबूत ठेवला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण उपद्रव सोसणाऱ्याला किती द्यावे, हा आकडा तेथेही नाही. प्रत्येक बेकायदा फोनमागे ठरावीक रक्कम, ती फोन करणाऱ्याकडून आणि ज्याच्या मालासाठी तो केला त्याच्याकडून, जिल्हा आयोगातच वसूल व्हावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ही मागणी ग्राहक पंचायतीच्या परंपरेतलीच आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ती चळवळ उभारली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदा हीही अनेकांना अतिशयोक्तीच वाटली असेल. तो १९८६ साली झाला.

तोपर्यंत आमच्या वाचकांनी एक करावे. फोन आला की दिनांक, वेळ, क्रमांक आणि मालाचे नाव टिपून ठेवावे. सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. आणि तरीही त्रास थांबला नाही, तर ते टिपण घेऊन गुलबर्गा किंवा बिदर येथील जिल्हा आयोगाची पायरी चढावी.