झटका आणि मृत्यू

नागभीड परिसरात २०१७ साली ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. हळहळ झाली ती रास्तच होती. परंतु अशाच तारेला चिकटून विदर्भात शेतकरी आणि त्यांचे बैलही मरतात. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

वस्तुतः विजेचे कुंपण प्राणघातक असण्याचे कारण नाही. शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात ते बॅटरीवर चालते आणि सेकंदाला सुमारे एकदा, तोही अत्यल्प क्षण, काही हजार व्होल्टचा ठोका तारेत सोडते. रानडुक्कर दचकते, मागे फिरते. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह मात्र अखंड असतो. स्नायू आखडतात, तार सुटत नाही. कमी व्होल्टचा तोच मारक, हे गावात कोणी समजावून सांगितले आहे काय?

सौर कुंपणास शासन अनुदान देते. पण यंत्र बसवून काम संपत नाही. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका जमिनीत मुरतो. तण कापणे, आर्थिंगची सळई ओलसर ठेवणे, बॅटरी तपासणे हे नित्याचे कष्ट. त्यात खंड पडला आणि एका रात्रीत धान लोळले, की खांबावर आकडा टाकण्याचा मोह होतो. ज्याच्यापाशी कुंपणच नाही, त्याच्या वाट्याला तर शेजाऱ्याने हुसकलेला कळपही येतो. तेव्हा एकेका बांधाऐवजी सबंध शिवाराला कुंपण आणि त्याच्या देखभालीस पगारी माणूस, ही तरतूद आधी व्हावयास हवी.