नुसतं ‘व्ही-टू’ लिहून भागत नाही

यूआरएलमध्ये ‘व्ही-टू’ टाकलं की एपीआयचं व्हर्जनिंग झालं, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, ती नुसती दारावरची पाटी! जुन्या दाराने येणाऱ्यांचं काय करणार, ते सांगा.

नवं फील्ड वाढवलंत तर सहसा कुणाचं बिघडत नाही. पण असलेलं काढलंत, त्याचं नाव बदललंत किंवा आकड्याची स्ट्रिंग केलीत, की लोकांच्या मोबाइलमधलं जुनं अ‍ॅप कोसळतं. आणि ते अपडेट करणं तुमच्या हातात नसतं.

ट्विटरने सप्टेंबर २०१२ मध्ये आवृत्ती १.१ आणली आणि जून २०१३ मध्ये पहिली बंद केली. जेमतेम नऊ महिने! उलट स्ट्राइप बघा. पहिल्या रिक्वेस्टच्या वेळची आवृत्ती तुमच्या खात्याला चिकटते. तुम्ही बदलेपर्यंत तीच. नवं उत्तर जुन्या साच्यात बसवायचं काम त्यांचा सर्व्हर करतो.

“पण जुना कोड सांभाळायचा खर्च?” मी म्हणतो, जो बदल करतो त्याने सोसावा. तुमची एक टीम राबली तर शेकडो टीम सुटतात. फील्डचं नाव आवडत नाही म्हणून बदलायची हौस आहे ना? मग ती स्वतःच्या खर्चाने भागवा.