कनेक्टिकटचे रान कोणाचे?

हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) या विनोदपटाच्या समीक्षेचा इतिहास बहुधा उद्धारकथेच्या थाटात सांगितला जातो. समकालीनांना चित्रपट कळला नाही. पुढे फ्रेंच समीक्षकांनी त्याचे मोल ओळखले. आणि १९८१ साली स्टॅन्ली कॅव्हेलने त्याला तत्त्वज्ञानाच्या पंक्तीला बसवले. ही कथा समीक्षकांना सोयीची आहे, कारण तिचे नायक तेच आहेत. वस्तुतः फ्रँक न्यूजेन्टने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये शिळ्या क्लृप्त्यांचा खेळ म्हणून चित्रपटाची संभावना केली, त्याच वर्षी ओटिस फर्ग्युसनने ‘न्यू रिपब्लिक’मध्ये त्याचे स्वागतही केले होते. आर.के.ओ.ला तोटा झाला हे खरे. परंतु गल्ल्याचे अपयश म्हणजे आकलनाचे अपयश नव्हे.

या कथेचा गंभीर दोष मात्र निराळाच आहे. १९५३ साली जाक रिव्हेतने ‘काहिए द्यु सिनेमा’त हॉक्सच्या प्रतिभेचा जयघोष केला, आणि हळूहळू चित्रपटातील सारे काही हॉक्सच्या नावे जमा होऊ लागले. मूळ कथा हेगर वाइल्ड या लेखिकेची. ती १९३७ साली ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. पटकथाही तिने डडली निकोल्ससह लिहिली. तिच्या कथेत डायनोसॉर नाही, संग्रहालय नाही, डेव्हिड शास्त्रज्ञही नाही. पण कनेक्टिकटचे रान आहे, त्यात निसटलेला पँथर आहे, आणि त्याच्या आवडत्या गाण्याच्या आधारे त्याला पकडू पाहणारे डेव्हिड व सुझन आहेत. कॅव्हेल नॉर्थ्रप फ्रायच्या ‘हरित विश्वा’चा हात धरून थेट शेक्सपिअरच्या वनात शिरतो, त्याच्या प्रकरणाच्या शीर्षकातच कनेक्टिकटमधले बिबटे आहेत. ते रान मुळात वाइल्डचे आहे.

गंमत अशी, की ज्या ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिके’त कॅव्हेल हा चित्रपट बसवतो, तिची पहिली अटच येथे पुरी होत नाही; डेव्हिड आणि सुझन यांचे आधी लग्नच झालेले नाही. ही अडचण कॅव्हेललाही ठाऊक आहे. वाइल्डच्या कथेत मात्र दोघांचा वाङ्‌निश्चय झालेला आहे. पूर्वबंधाचा माग काढायचाच, तर तो तेथे अधिक भरीव सापडला असता.

पीटर वोलेनने यावर आधीच तोड काढून ठेवली होती: अवतरणचिन्हांतला ‘हॉक्स’ ही व्यक्ती नव्हे, चित्रपटांतून वाचून काढलेली संरचना होय. ठीक. परंतु व्यक्ती नसलेल्या या संरचनेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ते दिग्दर्शकाचेच निघाले; ‘वाइल्ड’ असे नाव सुचवण्याची गरज कोणत्या संरचनावाद्याला भासली?