खिडकीला रंग देण्याआधी

पावसाळा संपला की आपल्या कोकणात घरोघरी रंगाचे डबे निघतात. गेल्या वर्षी आमच्याकडेही निघाले. पडवीतल्या पश्चिमेकडच्या खिडकीचा रंग खालच्या बाजूला फुगला होता. खरवडून एक हात मारला की झाले, असे मला वाटले. त्या दिवशी आमचे सुतारचाचा दुसऱ्याच कामासाठी आले होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चौकटीच्या खालच्या लाकडावर सहज दाबले, तर ते बोटभर आत गेले!

"बेटी, रंग राहू दे. आधी हे गज बघ," असे म्हणून त्यांनी एक गज हलवला. तो बुडाशी मोकळाच डुलत होता. त्याच गजांना धरून माझा तीन वर्षांचा मुलगा रोज रस्ता बघत उभा असतो. माझ्या अंगावर काटा आला.

घरात लगेच बोलणे सुरू झाले, की ही काढून टाकू आणि अॅल्युमिनियमची बसवू. चाचांनी मग चौकटीच्या चारही बाजू टोचून दाखवल्या. वरचे लाकूड आणि दोन्ही उभी लाकडे चांगली कडक होती. खराब होते ते फक्त खालचे आडवे लाकूड, तेही हातभर. तेवढ्यासाठी जुने सागवान फेकायचे आणि जांभ्याची भिंत फोडायची कशाला?

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. म्हणून आधी पाणी कुठून येते ते शोधायचे. आमच्याकडे पागोळ्यांचे पाणी त्या लाकडावर उडत होते, आणि भिंतीकडच्या फटीतून आत मुरत होते. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात. तिचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

चाचांनी पन्हळ दुरुस्त करून घेतली आणि लाकूड काही आठवडे वाळू दिले. मग त्यांनी कुजका भाग कापला. चांगले लाकूड लागल्यावरही दोन इंच पुढे गेले, कारण कूज डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. जुन्या सागवानाचाच तुकडा तिरका सांधा करून, डिंक आणि स्क्रू लावून बसवला. गजांसाठी नवी खोल भोके पाडली. वरची बाजू बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवली आणि खाली एक बारीक खाच मारली, म्हणजे पाणी भिंतीकडे न जाता तिथूनच गळून पडते. तुकड्याच्या कापलेल्या टोकांना त्यांनी बसवण्याआधीच प्रायमर दिला, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांकडून पिते.

लहानसा खड्डा असेल तर इपॉक्सीची लांबी चालते, पण गज ज्या लाकडात रोवले आहेत तिथे नुसत्या लांबीवर भागवू नका. अर्ध्याहून अधिक चौकट पोकळ झाली असेल तर ती बदललेलीच बरी.

बहिणींनो, आणखी एक काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांना फार घातक असते. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून काढा. मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या घरी पाठवा आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

या सुट्टीच्या दिवशी एक स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. प्रत्येक खिडकीचे खालचे लाकूड आणि दोन्ही कोपरे टोचून पाहा. मग एकेक गज धरून हलवा. पाव तासाचे काम आहे. रंगाचा डबा त्यानंतर उघडा.