पुरावा हाती, उत्तर लेखकाच्या खिशात

खुनाची गोष्ट वाचणारा वाचक मुळातच संशयखोर. शेवटचे पान आधी उघडून पाहणारे सोडले, तर बाकीचे सारे पानोपानी लेखकाशी झुंजत असतात. पुस्तकात या झुंजीची दखल कोण घेणार? जपानच्या कॅपकॉम कंपनीने २००१ साली आणलेल्या एका खेळाने ती घेतली. शू ताकुमी यांनी रचलेला हा खेळ २००५ साली ‘फिनिक्स राइट : एस अटर्नी’ या नावाने इंग्रजीत आला.

खेळ कसला, कादंबरीच ती. पडद्यावर चित्र आणि खाली संवाद. वाचायचे आणि बटण दाबून पुढे सरकायचे. आपण बचाव पक्षाचे नवखे वकील. उलटतपासणीत साक्षीदाराचे एकेक वाक्य खोदून विचारायचे आणि जिथे ते पुराव्याशी जुळत नाही, तिथे पुरावा पुढे करायचा. पहिल्याच प्रकरणात साक्षीदार सांगतो, प्रेत दुपारी १ वाजता पाहिले; शवविच्छेदनाचा अहवाल मृत्यूची वेळ ४ नंतरची देतो! बँकेत वर्षानुवर्षे व्हाउचर आणि खातेवही ताडून पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे सुख ओळखीचे आहे. खोटे बोलणारा मोठ्या गोष्टीत क्वचितच सापडतो. तो सापडतो तारखेत आणि वेळेत. मुलांना सावकाश, शंका घेत वाचायला लावणे, हे या खेळाचे मोठे श्रेय.

पण इथेच त्याची मर्यादाही आहे. खुनी कोण हे तुम्हाला कळले, तरी लेखकाने ठरवलेल्या वाक्यावर, त्याने ठरवलेलाच पुरावा दाखवावा लागतो. ५ चुका झाल्या की अशील दोषी. मग तर्क बाजूला राहतो आणि लेखकाच्या मनातले ओळखणे सुरू होते. गाइडातलेच उत्तर मागणाऱ्या मास्तरांसारखे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. खटला जास्तीत जास्त ३ दिवसांचा. त्यात आरोपीविरुद्धचा पुरावा डळमळीत करून भागत नाही. बहुतेक वेळा खरा खुनीही वकिलानेच हजर करायचा. जपानमध्ये खटल्यापर्यंत पोचलेल्या फौजदारी प्रकरणांत ९९ टक्क्यांहून अधिक आरोपी दोषी ठरतात. तिथल्या माणसाला यातला उपरोध कळेल. आपल्याकडच्या बारा वर्षांच्या मुलाला तो कसा कळावा? ‘खरा चोर दाखव, नाहीतर तूच चोर’ यालाच तो न्याय समजून बसेल. घरातली अंगठी हरवली की आधी मोलकरणीकडे पाहणाऱ्या आपल्या समाजाला हा धडा नव्याने द्यायला नको.

म्हणून खेळ जरूर खेळू द्या, जमल्यास शेजारी बसून वाचा. आणि निकाल लागला की मुलांना एवढेच विचारा : खरा खुनी सापडलाच नसता, तर या आरोपीचे काय करायला हवे होते? हे उत्तर खेळात मिळणार नाही. ते घरातच द्यावे लागेल.