समुद्रसिंह, ट्रॉलर आणि न झालेला प्रयोग

१७४१ मध्ये व्हिटस बेरिंगचे जहाज उत्तर पॅसिफिकमधील एका निर्जन बेटावर अडकले. मोहिमेतील निसर्गअभ्यासक गेओर्ग स्टेलर याने त्या सक्तीच्या मुक्कामात तेथील सागरी सस्तन प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली. त्यांपैकी सागरगाय शिकारीमुळे १७६८ पर्यंत, म्हणजे अवघ्या २७ वर्षांत, नामशेष झाली. समुद्रसिंह मात्र उरला. त्याच्या रक्षणाचा अलास्कातील इतिहास हेतूने निर्मळ, पण पुराव्याने दुबळा आहे.

१९७० च्या दशकापासून २००० पर्यंत पश्चिम अलास्कातील समुद्रसिंह ८० टक्क्यांहून अधिक घटले. १९९० मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९७ मध्ये पश्चिमेकडील समूह ‘संकटग्रस्त’ ठरला. याच पाण्यात पोलॉक माशाची अवाढव्य मासेमारी चालते. ट्रॉलर मासे उपसून नेतात, म्हणून प्राणी उपाशी मरतात, हे अनुमान सहज पटण्याजोगे होते. पर्यावरणवादी संघटनांच्या दाव्यावर २००० मध्ये सिअॅटलच्या संघीय न्यायालयाने समुद्रसिंहांच्या अधिवासात ट्रॉलिंगला मनाई केली.

मग अमेरिकी संसदेच्या सांगण्यावरून राष्ट्रीय संशोधन परिषदेने पुरावा तपासला. २००३ चा तिचा अहवाल अडचणीचा ठरला. १९९० च्या दशकात उपासमारीची लक्षणे आढळत नव्हती. माद्या व पिल्ले धडधाकट होती. ऑर्कांकडून होणारी शिकार, बेकायदा गोळीबार अशी कारणे अधिक संभाव्य दिसत होती. आधीच्या घसरणीमागेही अनेक धागे होते. १९७६-७७ मध्ये उत्तर पॅसिफिकचे हवामानच पालटले. १९६३ ते १९७२ या काळात ४५,००० हून अधिक पिल्ले व्यापारासाठी मारली गेली, तीही कायदेशीररीत्या! जाळ्यांजवळ येणाऱ्या प्राण्यांवर मच्छीमार १९९० पर्यंत गोळ्या झाडत असत.

परिषदेने मार्गही सुचवला होता. विणीच्या काही जागांभोवती मासेमारी बंद ठेवावी, तशाच इतर जागांभोवती चालू ठेवावी आणि काही वर्षे दोन्हीकडची गणना करावी. परिषदेने मांडला तसा हा प्रयोग झालाच नाही. बंदी घातली यापेक्षा हा प्रयोग टाळला, हा दोष मोठा मानावा लागतो. संकटग्रस्त प्रजातींचा कायदा संशयाचा फायदा प्राण्याला देतो, आणि सागरगायीचे काय झाले हे ठाऊक असलेल्याला त्यात गैर वाटणार नाही. मात्र त्या संशयाचे निरसन करण्याची सक्ती कोणावरच उरली नाही.

२०११ मध्ये अल्यूशियन बेटांच्या पश्चिम टोकाला अॅटका मॅकरेल व कॉड पकडण्यावर बंदी आली. अलास्का राज्य व मासेमारी उद्योग न्यायालयात गेले; पर्यावरणीय परिणामांचा पूर्ण अहवाल न केल्याबद्दल २०१२ मध्ये न्यायालयाने सरकारला दोषी धरले; २०१५ मध्ये निर्बंध सैल झाले. पूर्वेकडे मासेमारी चालू असतानाही समुद्रसिंह वाढत होते, तर पश्चिम टोकाला बंदीच्या वर्षांतही त्यांची घट थांबली नाही. एवढ्यावरून ट्रॉलर निर्दोष ठरत नाहीत. त्या टोकाला तुलनेसाठी एकही जागा खुली ठेवलेली नव्हती. त्यामुळे बंदी नसती तर घट अधिक वेगाने झाली असती का, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.