गंजलेल्या पिस्तुलाची साक्ष: वारशात आलेले ‘व्हिस’ कसे वाचावे

१/
दुसऱ्या महायुद्धातून घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पिस्तुलाला एक मृत जर्मन अधिकारी चिकटलेला असतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, देश कोणताही असो, कथा तीच. आजोबांनी समोरासमोरच्या झुंजीत शत्रूला पाडले आणि त्याच्या कमरेचे शस्त्र काढून घेतले. आजोबा जातात, ट्रंक उघडली जाते, आणि आठवड्याभरात नातू दोन प्रश्न घेऊन जाणकाराच्या दारी उभा राहतो: हे कोणाचे होते, आणि याचे किती येतील?

२/
दोन्ही प्रश्न वैध आहेत, पण त्यांचा मान दुसरा आणि तिसरा. पहिला प्रश्न असा की हे कोणी बनवले, कोठे, आणि कोणाच्या धाकाखाली. त्याचे उत्तर धातूवर कोरलेले असते. उरलेल्या दोघांची उत्तरे ऐकीव गोष्टींत आणि लिलावाच्या यादीत शोधावी लागतात. हा फरक ज्या शस्त्रात सर्वांत ठळक दिसतो, ते म्हणजे पोलंडचे ‘व्हिस’, नमुना १९३५. बाजारात त्याला अनेकदा नुसते ‘राडोम’ म्हणतात, ज्या शहरात ते बनले त्या शहराच्या नावाने. शहराचे नाव तोंडी असूनही त्या शहरात काय घडले हे सांगणारे विक्रेते विरळाच.

३/
ओळखण्याआधी एक इशारा, कारण व्हिस या बाबतीत फसवे आहे. त्याच्या डाव्या अंगाला तीन कळा आहेत. चौकटीच्या मागच्या टोकाची कळ अमेरिकी कोल्ट १९११च्या सुरक्षा-कळीसारखी दिसते, म्हणून पुष्कळ जण ती वर चढवून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात ती पिस्तूल उघडण्यासाठीची कळ आहे. चाप अडवण्याशी तिचा संबंध नाही. स्लाइडवरची कळ ताणलेला घोडा खाली उतरवते. घोडेस्वाराला एका हाताने पिस्तूल निर्धोकपणे म्यानात घालता यावे, हा तिचा मूळ हेतू. खरी सुरक्षा फक्त मुठीच्या पाठीला आहे, हाताच्या पकडीने दाबली जाणारी. ऐंशी वर्षे जुन्या झिजलेल्या यंत्रणेवर या कळांची ‘चाचणी’ घेणे हा शुद्ध वेडेपणा होय. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असेही नाही. एक काडतूस नळीत बसलेले असू शकते. ज्याला शस्त्र हाताळता येत नाही त्याने ते हाताळू नये.

४/
आता मूळ. पिओत्र विल्न्येव्चित्स आणि यान स्क्शिपिन्स्की या दोन पोलिश अभियंत्यांनी हे पिस्तूल रचले. दोघांच्या आद्याक्षरांवरून त्याला आधी ‘विस’ म्हणत. पुढे ‘व्हिस’ झाले, म्हणजे लॅटिनमध्ये बळ. ब्राउनिंगच्या रचनेचा वारसा त्यात उघड आहे, परंतु नक्कल म्हणून ते हिणवण्यासारखे नाही. ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतूस, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, वजन किलोभर. सैनिकी पिस्तुलांत त्या दशकातील उत्तम रचनांमध्ये त्याची गणना होते, आणि ती रास्त आहे.

५/
युद्धपूर्व नग ओळखणे सोपे. स्लाइडच्या डाव्या अंगावर राडोमच्या शस्त्रकारखान्याचे नाव, निर्मितीचे वर्ष, मुकुटधारी पोलिश गरुड, नमुन्याचे नाव आणि पेटंट क्रमांक १५५६७. मुठीच्या पाठीला लाकडी दस्ता अडकवण्यासाठी खाच. पृष्ठभाग आरशासारखा घासलेला, त्यावर खोल निळसर-काळी झिलई. वर्षे १९३६ ते १९३९. असे नग पन्नास हजारांच्या आतच बनले, आणि सप्टेंबर १९३९मध्ये त्यांतील असंख्य पोलिश सैनिकांबरोबर मातीत किंवा बंदिवासात गेले.

६/
८ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य राडोममध्ये शिरले. कारखाना जवळजवळ धडधाकट हाती लागला. त्याचा कारभार ऑस्ट्रियातील श्टायर-डाइमलर-पुख या कंपनीकडे गेला आणि तेच पिस्तूल, त्याच यंत्रांवर, त्याच पोलिश कामगारांकडून, आता जर्मन सैन्यासाठी बनू लागले. एकूण तीन लाखांहून अधिक. आज कोणाच्या ट्रंकेत व्हिस निघाले, तर ते या तीन लाखांतले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

७/
जर्मन काळातील नगावर पोलिश गरुड नाही, वर्ष नाही. कारखान्याचे नाव, नमुना आणि पेटंट क्रमांक मात्र तसेच राहिले. पुष्कळ नगांवर त्याखाली ‘पी.३५(पी)’ अशी भर आहे, त्यातला कंसातला ‘पी’ म्हणजे ‘पोलिश’. जोडीला जर्मन शस्त्रखात्याचा स्वीकृतीचा ठसा: छोटा गरुड आणि खाली ७७ किंवा ६२३ हा अंक. मग एकेक गोष्ट गळत जाते, आणि हीच काळ ठरवण्याची शिडी. पहिल्यांदा मुठीमागची खाच गेली. नंतर उघडण्याची ती फसवी कळ गेली, आणि तीनच्या दोन कळा उरल्या. झिलई उथळ झाली, पृष्ठभागावर कटाईच्या रेघा राहू लागल्या. १९४४च्या उत्तरार्धात लाल सैन्य जवळ आले तेव्हा उत्पादन ऑस्ट्रियात हलले. त्या शेवटच्या नगांवर ओबडधोबड लाकडी पट्ट्या दिसतात, आणि काहींवर श्टायरचे सांकेतिक अक्षरत्रय ‘बीएनझेड’.

८/
येथे बाजार तोंड उघडतो. त्याच्या लेखी उतरंड अशी: पोलिश गरुडाचा नग सर्वश्रेष्ठ, त्याखाली सुरुवातीचा, सफाईदार जर्मन नग, तळाला शेवटचे ‘भरड’ नग. जोडीला कातडी म्यान आणि एखादा ठळक नाझी ठसा असेल तर किंमत चढते. दुर्मिळतेला भाव मिळतो, याबद्दल तक्रार नाही. नाणी आणि टपालतिकिटांचेही तसेच आहे. तक्रार आहे ती या भावालाच ‘ऐतिहासिक मूल्य’ म्हणण्याबद्दल. पोलिश पिस्तुलावरचा जर्मन स्वीकृतीचा ठसा ही लुटीची पावती आहे. तिच्यावर अभिमानाने बोट ठेवून ‘बघा, अस्सल’ म्हणणारा संग्राहक नेमके कशाचे कौतुक करत असतो?

९/
राडोमच्या कामगारांनी काय केले ते पाहावे. यंत्रांवर पिस्तुलाचे भाग घडवता घडवता त्यांनी ते चोरून बाहेर काढले आणि भूमिगत पोलिश सेनेकडे, आर्मिया क्रायोवाकडे, पोचवले. खिशातून, डब्यातून, एकेक भाग. जर्मनांना याची धास्ती इतकी होती की नळ्या राडोममध्ये बनूच दिल्या नाहीत. त्या ऑस्ट्रियात श्टायरला बनत. नळीवाचून पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा, हा त्यामागचा हिशेब. तरीही चोरी थांबली नाही. भूमिगतांच्या हाती कारखान्यातली पिस्तुले सापडली, धरपकड झाली, आणि ऑक्टोबर १९४२च्या मध्यास राडोम शहरात व परिसरात सुमारे पन्नास जणांना उघड्यावर फाशी दिली गेली. कारखान्याचे कामगार त्यांत होते. एक फास कारखान्याजवळच उभारला होता, म्हणजे पाळी संपवून बाहेर पडणाऱ्याला तो दिसावा.

१०/
गोष्ट पोलिश कामगारांपाशी संपत नाही. राडोमच्या ज्यू वस्तीतील माणसांनाही या कारखान्यात जुंपण्यात आले. श्कोल्ना रस्त्यावर त्यांची सक्तमजुरीची छावणी होती. जानेवारी १९४४मध्ये ती मायदानेक छळछावणीची उपछावणी ठरवली गेली. जुलैमध्ये आघाडी जवळ येताच तेथील कैद्यांना पायी हाकलत नेले आणि पुढे आउशविट्झला पाठवले. आजच्या यादीत ‘उत्तरकालीन, मध्यम दर्जा’ असे लिहिलेले पिस्तूल या काळातले आहे.

११/
म्हणून ‘भरड’ या शब्दाचा हिशेब मांडणे भाग आहे. त्या रेघा निष्काळजी कारागिराच्या नाहीत. ज्या कारागिरांनी १९३७ साली आरशासारखी स्लाइड घासली, त्यांच्याच हातून १९४४मध्ये ती खरबरीत निघाली. कारण वेळ कमी केला, टप्पे गाळले, माणसे उपाशी ठेवली आणि पहारे वाढवले. एकाच कारखान्यातले १९३७चे आणि १९४४चे दोन नग शेजारी ठेवले, तर आधिपत्य म्हणजे काय हे त्या दोन पृष्ठभागांवर दिसते. असा पुरावा ज्याच्याकडे आहे त्याला बाजार ‘तळाचा माल’ सांगतो, आणि तो ते मान्य करतो.

१२/
मात्र उत्साही वाचकांनी उलट्या टोकालाही जाऊ नये. प्रत्येक ओरखड्यात घातपात शोधणे ही त्या मृत जर्मन अधिकाऱ्याचीच दुसरी आवृत्ती. बहुतेक रेघा घाईच्या आणि काटकसरीच्या आहेत, प्रतिकाराच्या नाहीत. एखाद्या विशिष्ट नगाचा एखाद्या विशिष्ट कामगाराशी संबंध ठशावरून जोडता येत नाही, आणि जो विक्रेता तो जोडून दाखवतो तो कथा विकत असतो.

१३/
आता आजोबांकडे. घरातली कथा टाकून देऊ नये. ती कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितली ते तारखेसह लिहून ठेवावे. पण तिला पुराव्याच्या आसनावर बसवू नये. मे १९४५मध्ये शरण आलेल्या सैन्याची शस्त्रे ढिगांनी पडली होती. सैनिकांनी त्या ढिगांतून पिस्तुले उचलली, सिगारेटींच्या बदल्यात घेतली, पत्त्यांच्या डावात जिंकली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अमेरिकी सैनिकांना अशी वस्तू मायदेशी नेण्यासाठी वरिष्ठाच्या सहीचा दाखला मिळत असे. तो दाखला सापडला आणि त्यावरचा क्रमांक पिस्तुलाच्या क्रमांकाशी जुळला, तर कथेला एक पाय मिळतो. तोही फक्त इतकाच की हे शस्त्र या माणसाने या काळात घरी आणले. ते कोणाच्या कमरेचे होते, हे दाखला सांगत नाही.

१४/
सर्वांत मोठा गुन्हा मात्र कथा सांगणारे करत नाहीत. तो घासकागद हाती घेणारे करतात. ‘आजोबांची आठवण चकचकीत करावी’ या भावनेने नवी झिलई चढवली, की कटाईच्या रेघा बुजतात, ठशांच्या कडा बोथट होतात, मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. पट्ट्या बदलल्या की आणखी एक दुवा तुटतो. संग्राहकांच्या हिशेबानेही अशा नगाची किंमत कोसळते, म्हणजे येथे बाजार आणि इतिहास एकमतात येतात. दुर्मिळ प्रसंग म्हणायचा. सुटा गंज थोड्या तेलाने थांबवावा, तोही शस्त्र रिकामे असल्याची जाणकाराने खात्री केल्यावर. त्यापुढे हात लावू नये.

१५/
घासण्याचा दुसरा प्रकार लबाडीचा. जर्मन काळातील नगावरचे लेखन उतरवून त्यावर पोलिश गरुड आणि वर्ष नव्याने कोरायचे, आणि श्रेष्ठ भावाने विकायचे. अशा गरुडाच्या रेषा बहुधा उथळ, भोवतालचा पृष्ठभाग किंचित खोलगट, आणि उरलेले तपशील वर्षाशी विसंगत असतात. १९३८ साल कोरलेले आहे आणि मुठीमागे खाच नाही, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. जर्मन काळातील अनुक्रमांकांत पुढे अक्षर येऊ लागले. गरुडासोबत असा क्रमांक दिसला तरीही तेच करावे. राडोमच्या कारखान्याने १९९०च्या दशकात आणि नंतर व्हिसचे थोडे नवे नगही बनवले, याचेही भान असावे.

१६/
यावर एक आक्षेप हमखास येतो: वारसा म्हणजे प्रेम, त्यात सक्तमजुरी आणि फाशी कशाला आणता? उत्तर असे की ती कोणी आणलेली नाही. ती वस्तूबरोबरच घरात आली. आजोबांचे शौर्य खरे असेल तर त्याला राडोमच्या कामगारांनी झाकोळण्याचे कारण नाही. आणि ज्यांच्या मुक्तीसाठी आजोबा लढले असे कुटुंब सांगते, त्यांतलेच हे लोक होते.

१७/
मराठी वाचकाला पोलंड अगदी परका नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांतल्या अनेकांचे आप्त पोलिश सैन्यात इटलीत लढत होते. एप्रिल १९४५मध्ये सेनियो नदीच्या आघाडीवर त्याच पोलिश कोअरप्रमाणे आठवी भारतीय डिव्हिजनही उभी होती, आणि तिच्यातील पाचव्या मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना तेथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१८/
भारतात मात्र अशी वस्तू सापडली तर आधी कायदा, मग इतिहास. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याविना पिस्तूल बाळगता येत नाही, ते आजोबांचे असले तरी. ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे, हे २१ व्या कलमाचे बंधन आहे. पिस्तूल पिशवीत घालून ‘तज्ज्ञाला दाखवायला’ गावभर फिरणे नको. पोलिसांना कळवावे, वकिलाचा सल्ला घ्यावा, जमा करताना पावती घ्यावी आणि त्या पावतीवर क्रमांक व सर्व ठसे जसेच्या तसे उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. ‘एक जुने विदेशी पिस्तूल’ एवढीच नोंद झाली, तर पेटंट क्रमांक, गरुड, ७७, सारे त्या एका ओळीत बुडते.